ॲपला तुमचे फासे दिसतच नाहीत

‘ॲपवर चालणारे को-ऑप बोर्ड गेम म्हणजे नुसता सिनेमा. निकाल ॲपने आधीच ठरवलेला, उरलेलं नशिबावर, तुमची निवड फक्त दिखाव्यापुरती.’ असा पाच मुद्द्यांचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. (को-ऑप म्हणजे सगळ्यांनी एकाच बाजूने, खेळाच्या विरोधात खेळायचं.) मी सोडून दिला असता. पण परवाच्या डावात आपली पाळी आल्यावर भाचीने विचार करायचंच सोडलं. “काय फरक पडतो मामा, ॲपला हवं तेच होणार!” आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात अचाट आहे: तुम्ही जिंकायला लागलात की ॲप डाव फिरवतं. कसं फिरवतं? ‘मॅन्शन्स ऑफ मॅडनेस’ या भुताटकीच्या वाड्यातल्या खेळाची २०१६ची दुसरी आवृत्ती घ्या. फासे टेबलावर पडतात, ॲप फक्त किती सक्सेस (यशाच्या खुणा) आले ते विचारतं आणि तुम्ही आकडा टाकता. तुमची सोंगटी कोणत्या खोलीत आहे, हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला झालेल्या जखमांचे पत्ते तुमच्यासमोर असतात, तेही त्याला दिसत नाहीत. राक्षस हलवायचा झाला तर ‘सर्वांत जवळच्या खेळाडूकडे’ अशी सूचना येते, आणि जवळचा कोण हे माना वाकवून आपणच बघतो. तुम्ही जिंकताय की मरायला टेकलाय हेच ज्याला कळत नाही, ते डाव फिरवणार कशाच्या जोरावर? उलट तुम्हीच खोटा आकडा टाकलात तर ते निमूट मान्य करेल. २०११च्या पहिल्या आवृत्तीत ॲप नव्हतं, खेळाडूंपैकीच एक जण विरोधात बसायचा. त्याला पट दिसायचा, जखमा दिसायच्या, तुमचे पडलेले चेहरेही दिसायचे. संशय घ्यायचाच तर त्याच्यावर घ्यायचा होता.

दुसरा मुद्दा: फासे आले की निवड संपली. मेसेज लिहिणाऱ्याने याच खेळाचा एक फासा हातात घेऊन फिरवून बघितला असता तरी पुरलं असतं. आठ बाजू: तीनवर सक्सेस, दोनवर भिंग, तीन कोऱ्या. क्लू, म्हणजे खेळात मिळवलेलं सुगाव्याचं टोकन, खर्च केला की एका भिंगाचा सक्सेस होतो. आता एका सक्सेसची गरज असलेली टेस्ट, म्हणजे फासे टाकून द्यायची परीक्षा, कोणी करायची? आपल्या पात्राच्या कौशल्यानुसार दोन फासे मिळणाऱ्याला जमण्याची शक्यता ६१ टक्के, पाच फासेवाल्याला ९० टक्के. तीन फासेवाल्याची क्लूशिवाय सुमारे ७६, आणि हातात एक क्लू असेल तर जवळपास ९५. म्हणजे कोणाला पुढे करायचं आणि क्लू कुठे वापरायचा, एवढ्यानेच शक्यता इतकी हलते. शिवाय तो क्लू आधी कोणीतरी आपली ॲक्शन, म्हणजे पाळीतली एक कृती, घालून मिळवलेला असतो, आणि एका फेरीत प्रत्येकाला ॲक्शन दोनच. ९५ टक्क्यांवरही कधीतरी तोंडावर आपटतो, आणि नेमकं तेच लक्षात राहतं, ते सोडा.

२०१५च्या ‘एक्सकॉम’ या परग्रहवासीयांशी लढायच्या बोर्ड गेममध्ये तर पुन्हा फासे टाकायचे की थांबायचं, हाच कळीचा प्रश्न. निळ्या फाशाच्या सहापैकी दोन बाजू कामाच्या, सोबत आठ बाजूंचा लाल फासा. एखाद्या कामासाठी पहिल्यांदा टाकताना लालवर १ आला तरच घात, दुसऱ्यांदा २ पर्यंत, तिसऱ्यांदा ३ पर्यंत. धोका साडेबारा टक्क्यांवरून साडेसदतीसवर जातो. थांबायचं कधी, ते ॲप ठरवत नाही. २०१९च्या ‘जर्नीज इन मिडल-अर्थ’मध्ये तर फासेच नाहीत, प्रत्येकाची स्वतःची पत्त्यांची गड्डी असते. दर फेरीला वरचे दोन पत्ते बघायचे. त्यातला यशाची खूण असलेला पत्ता पुढच्या टेस्टसाठी गड्डीवरच ठेवायचा, की त्याची शक्ती वापरायला समोर मांडायचा? हे नशीब असेल तर मग निवड कशाला म्हणायचं?

या मुद्द्याचं नुकसान असं की तो पटला की माणूस क्लू जपत नाही, चुकीच्या गड्याला पुढे करतो, हरतो, आणि मेसेज खराच होता असं मानून चालतो.

तिसरा मुद्दा: ॲप माहिती लपवतं. हो, लपवतं. किती सक्सेस लागणार हे पुष्कळदा सांगत नाही, पुढचं संकट कधी येणार हेही नाही. काही ठिकाणी दोन पर्याय दिलेले असतात आणि दोन्ही थोड्याफार फरकाने एकाच वाटेला लागतात. त्याचा मलाही राग येतो. एवढं मान्य. पण अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागणं वेगळं आणि निर्णयाला किंमतच नसणं वेगळं.

चौथा: बिनॲपच्या को-ऑपमध्ये सगळं डोक्यावर चालतं. २००८च्या ‘पँडेमिक’मध्ये पत्ते पिसतात ते काय शोभेला?

पाचवा: ॲप बंद पडलं की पेटी निकामी. ही तक्रार रास्त आहे. कंपनीने उद्या ॲप अपडेट करणं थांबवलं तर नव्या फोनवर ते चालेलच याची खात्री नाही, आणि पैसे मोजताना हे ध्यानात घ्यायलाच हवं. फक्त तिचा नशिबाशी किंवा निवडीशी काडीचा संबंध नाही. त्यावर वेगळा मेसेज लिहा, मी स्वतः पुढे पाठवीन.