पर्यावरणस्नेही दिसण्याचे ऋतुमानानुसार उपाय

सगळ्या घराला वनस्पतीजन्य आहारावर, म्हणजे दूध-तूपही सोडून, आणायचं आणि वर शाश्वत जीवनशैलीही जगायची, असं तुम्ही ठरवलं असेल, तर पहिल्यांदा ते बाहेर जाहीर करा. घरच्यांना विचारत बसू नका. विचारलं की चर्चा होते आणि चर्चेत मुलं नको ते प्रश्न काढतात. चारचौघांत एकदा सांगून टाकलं की घरच्यांना माघार घेता येत नाही. संकल्पाचं निम्मं काम इथेच संपतं.

उरलेलं निम्मं काम म्हणजे खरेदी. स्वयंपाकघरातले जुने प्लास्टिकचे डबे आधी बाहेर काढा. झाकणाचा कोपरा उडालेला, डाग पडून पिवळा झालेला, तरी अजून मुंगी आत जाऊ न देणारा तो डबा तर सगळ्यात आधी. त्याच्या जागी एका मापाच्या, लाकडी झाकणांच्या काचेच्या बरण्या आणा. काच करायला भट्टी साधारण १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, पण ते बरणीवर छापलेलं नसतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

मग पिशव्या. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता. पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला साधी सुती पिशवी हवामानबदलापुरती ५२ वेळा वापरावी लागते. ओझोनपासून पाण्यापर्यंतचे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा, आणि पिशवी सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. म्हणजे रोज एकदा वापरलीत तर जवळजवळ पंचावन्न वर्षं. (रस्त्यावर नि समुद्रात जाणारा कचरा त्या हिशेबात नव्हता, हे डेन्मार्कवाल्यांच्या विरोधात आणि तुमच्या बाजूने सांगून ठेवतो.) एक पिशवी पंचावन्न वर्षं सांभाळायची म्हणजे मृत्युपत्रात तिची सोय करावी लागणार. त्यापेक्षा दर महिन्याला नवी घ्या, झाडाचं चित्र असलेली. दारामागच्या खिळ्याला एवढ्या लटकवा की दार अर्धंच उघडेल.

आता ऋतूंकडे वळू. उन्हाळ्यात जे भरभरून पिकतं ते सगळेच खातात, त्यात तुमचं काय वेगळेपण? हंगाम नसलेली, विमानाने आलेली नाजूक फळं आणा आणि ती वनस्पतीजन्य आहेत यावर भर द्या. जहाजापेक्षा विमानाने माल आणला तर तेवढ्याच वजनाला, तेवढ्याच अंतराला सुमारे पन्नासपट कार्बन उत्सर्जन होतं. पण फळ काही तसं तोंडावर बोलून दाखवत नाही.

थंडीत मात्र उलट बाजूने बोला. तेव्हा ‘आम्ही फक्त जवळचंच खातो’ असं म्हणा आणि इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातले टोमॅटो घ्या. दूरच्या उघड्या शेतात उन्हात पिकून जहाजाने किंवा ट्रकने आलेला टोमॅटो कित्येकदा उत्सर्जनात यापेक्षा हलका पडतो, असं कुणी म्हणालं तर विषय बदला. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची माहिती गोळा केली. त्यातून दिसलं की अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के आहे. ताटात काय आहे, याचा फरक ते कुठून आलं यापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. हे ऐकलं तर तुमच्या ताटाला बळच मिळतं, पण अंतरावरून शेजाऱ्याला टोमणा मारण्याची सोय जाते. कशाला घालवायची?

पावसाळा हा खताचा ऋतू. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचा संकल्प याच डब्यात कुजतो. साली, देठं, फळांचे गर असं सगळं ओलं एकात एक कोंबा आणि झाकण घट्ट लावा. खतासाठी कार्बन नि नायट्रोजनचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावं लागतं आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त असतो. त्याचा तोल साधायला कार्बनवाला सुका पाला लागतो. पाऊस सुरू झाल्यावर सुका पाला मिळत नाही. तो गळतो तेव्हाच पोत्यात भरून, कोरड्या जागी ठेवायचा असतो. तुम्ही त्या वेळी काय केलंत? झाडून, ढीग करून पेटवलात. उत्तम. आता आठवड्याभरात डब्याच्या तळाशी काळपट पाणी साचेल, कडेने पांढऱ्या अळ्या चढतील आणि झाकण उघडलं की अमोनियाचा असा भपका येईल की डोळ्यांत पाणी उभं राहील. हवा खेळती नसली की मिथेनही होतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. घरच्यांनी नाकाला रुमाल लावला तर हा निसर्गाचा सुगंध आहे, तुमचं नाक शहरी झालंय, असं ठासून सांगा. आणखी एक डबा आणलात तर फारच छान. दोष नेहमी डब्याचाच असतो.

कपड्यांचं थोडक्यात: प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं उबदार जॅकेट घ्या आणि वारंवार धुवा. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, म्हणजे बाटली शेवटी समुद्रात पोचतेच, फक्त जरा बारीक होऊन.

मुलांच्या पोषणाबद्दल कुणी बी-१२ विचारलं तर ‘निसर्गात सगळं आहे’ एवढंच म्हणा. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, वनस्पतीजन्य आहारात ते भरवशाने मिळत नाही आणि स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळातलं बहुतेक बी-१२ शरीराला उपयोगी पडत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम पुरतं. एवढ्याशा गोष्टीसाठी गोळी घ्यायची म्हणजे तत्त्वाशी तडजोडच की! यकृतातला साठा मोठ्यांना काही वर्षं पुरतो, तेव्हा हातापायांना मुंग्या येईपर्यंत तुम्ही बरोबरच आहात. तान्ह्या बाळाकडे असा साठा नसतो, पण बाळ वाद घालत नाही.

उरलेल्या अन्नाचं काय, हा प्रश्न फार घरगुती आहे, त्यात पडू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६३ कोटी टन घराघरांतून. काल उरलेलं आज संपवण्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. त्यासाठी ना बरणी विकत घ्यावी लागते, ना पिशवी. अशा गोष्टीला जीवनशैली कोण म्हणेल?

शेवटी कामाची वाटणी. संकल्प तुमचा, मुलांनी त्याची पाटी रंगवायची. रात्री कडधान्य भिजवणं, सकाळी ते उपसणं, बदाम वाटून गाळणं, लोह नीट शोषलं जावं म्हणून जेवणात काहीतरी आंबट आहे ना ते बघणं, खताचा डबा ढवळणं, ही किरकोळ कामं घरात ज्या व्यक्तीला सवय आहे तिच्याकडे राहू द्या. सवय लागायला वर्षं जातात, ती मोडू नये. आणि दमून ती म्हणालीच, की ‘आज तूच भिजव ना जरा,’ तर तत्परतेने उठा आणि विचारा: किती वाट्या? कुठल्या भांड्यात? पाणी गार की कोमट? तिसऱ्या प्रश्नाला ती स्वतःच उठेल.