वेदीजवळ नको, प्रवेशदालनात चालेल

अमेरिकेतल्या चर्चमध्ये वेदीशेजारी ठेवलेला राष्ट्रध्वज ही निव्वळ सजावट आहे, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. अमेरिकेच्या ध्वजसंहितेनुसार चर्चमध्ये दांडीवरचा राष्ट्रध्वज उपासनेला जमलेल्या मंडळीकडे तोंड केलेल्या धर्मगुरूच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी हवा. बाकीचे ध्वज डावीकडे. म्हणजे प्रामुख्याने प्रोटेस्टंट चर्चमध्ये लावला जाणारा, १८९७ पासूनचा ख्रिस्ती ध्वजही दुय्यम ठरतो, तोही क्रूसासमोर! कॅथलिक अंत्यविधीचा नियम जास्त नेमका आहे: शवपेटीवरचा ध्वज चर्चच्या दारातच काढायचा, आत बाप्तिस्म्याची आठवण देणारं पांढरं वस्त्र पांघरता येतं, बाहेर आल्यावर ध्वज पुन्हा घालता येतो. आधीपासून असलेला ध्वज हलवायचा तर मंडळीला आधी कारण सांगा. गुपचूप काढला की माजी सैनिकांची मनं दुखावतात. प्रवेशदालनात, शहिदांच्या नामफलकाशेजारी त्याला मानाची जागा द्या.