अंबाडुंगरचा जांभळा दगड कटेला नव्हे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय: ‘अंबाडुंगरला कटेल्याची खाण, घरी ठेवा, शनी शांत!’ कटेला म्हणजे ॲमेथिस्ट, जांभळं रत्न. शनीचं शनी जाणे. फोटोतला दगड मात्र फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड हे खनिज. २०१३ पर्यंत आपल्याच वडोदरा जिल्ह्यात असलेल्या छोटाउदेपूर भागात, या अंबाडुंगरला, त्याचा मोठा साठा आहे.

नुसत्या रंगावर जाऊ नका. फ्लोराइट हिरवं, पिवळं, अगदी बिनरंगीही असतं. कटेला ही क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची जात; मोहस्‌च्या १ ते १० मापावर त्याचं काठिण्य ७, फ्लोराइटचं ४. पोलादी सुरीच्या टोकाने ओरखडा उठला, की कटेला नाही. फ्लोराइटचे स्फटिक बहुधा चौकोनी ठोकळ्यासारखे. कटेल्याचे सहा बाजूंचे, टोकदार. फ्लोराइट अंगठीत बसवलंत तर चरे पडणारच, मग सोनाराला बोल लावू नका.