एका टन नेपियरमधून 200 किलो सीएनजी? हिशेब तरी करा

‘एक एकर सुपर नेपियर लावा. वर्षाला 200 टन गवत, टनाला हजार, घरबसल्या दोन लाख. पाणी नको, खत नको. एका टनातून 200 किलो सीएनजी. सरकारची हमी खरेदी.’ हा मेसेज भावकीच्या ग्रुपवर फिरतोय आणि आटपाडीकडचे माझे काका ज्वारीचं रान मोडून नेपियर लावायला निघालेत. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी गॅसचं बघू. गवत बंद टाकीत कुजवून बायोगॅस काढतात आणि तो शुद्ध करून सीएनजीसारखा वापरतात. ओल्या नेपियरमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. टनभर गवत खडखडीत वाळवलं तर उरतं साधारण 200 किलो. म्हणजे काडी न काडी इंधन झाली तरच तो आकडा जमतो! मग टाकीतून स्लरी, म्हणजे कुजून उरलेला रबडा, निघते ती कशाची? गवतातलं लिग्निन, म्हणजे लाकडासारखा कडक भाग, जिवाणूंना पचत नाही. जो बायोगॅस निघतो, त्यातही वजनाने मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइडच जास्त. तो काढल्यावर टनामागे 25 ते 35 किलो इंधन हाती आलं तरी प्रकल्प नीट चाललाय म्हणायचं.

आता हेच पैशात मांडा. 2018 मध्ये असा गॅस विकत घेण्यासाठी केंद्राची ‘सतत’ योजना आली तेव्हा तेल कंपन्यांनी या गॅसला किलोला 46 रुपये दर धरला होता. पुढे तो वाढला. पण 30 किलोचे त्या दराने होतात 1380 रुपये. त्यातून गवताला हजार द्यायचे, वाहतूक, कुट्टी, वीज, मजुरी, बँकेचा हप्ता भागवायचा. कसं भागणार? प्रकल्प अडकला की पहिला थकणार तो गवतवाल्याचाच पैसा.

आणि ‘हमी खरेदी’ हे तर धादांत खोटं. ‘सतत’मध्ये तेल कंपनी गॅस घेते, गवत नाही. उसाला कायद्याने एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, आहे, नेपियरला नाही. हमीभावाच्या यादीतही ते नाही. गॅस प्रकल्पाचे सभासद व्हा म्हणून कुणी फी मागितली तर त्याला एवढंच विचारा: प्रकल्प कुठल्या गावात आहे आणि आज चालू आहे का? ऐंशी टक्के पाणी ट्रॉलीत भरून लांब न्यायचं भाडं कुणालाच परवडत नाही.

पाण्याबद्दल फार बोलायला नको. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने आपल्या को बीएन 5 वाणाचं उत्पादन हेक्टरी 360 टन दिलंय, म्हणजे एकरी 145 टनांच्या आसपास. तेही वर्षाला सात कापण्या, नियमित पाणी आणि दर कापणीनंतर नत्र देऊन. आटपाडीच्या कोरडवाहू रानात 200 टन कुठून येणार?

एकदा लावलं की काही वर्षं कापत राहता येतं, हे खरं. स्लरी चांगलं खत आहे, हेही मान्य. दारात जनावरं असतील तर थोडं नेपियर जरूर लावा.

पण मेसेजखाली बियाण्याच्या पाकिटाची लिंक आहे, तिथे एक रुपयाही भरू नका. संकरित नेपियर, म्हणजे बाजरी आणि हत्ती गवताचा संकर, बी धरतच नाही. ते कांड्यांपासून किंवा ठोंबांपासून लावतात, आणि कांड्या शेजारच्या गोठेवाल्याकडेही मिळतात.