चालती लीग बंद कशी पाडावी

एखादी ठणठणीत चाललेली क्रीडा संघटना कधी तुमच्या हाती आली, तर घाबरून जाऊ नका. तीही बंद पाडता येते. फक्त आरडाओरडा करायचा नाही, आणि जे काही कराल ते खेळाच्या भल्यासाठी करतोय असं आधीच जाहीर करून ठेवायचं. नमुना म्हणून टास्मानियाकडे बघा. ऑस्ट्रेलियाच्या नकाशाखाली पडलेला तो त्रिकोणी तुकडा, जो नकाशा छापणारे अधूनमधून विसरतात, तोच. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर १९१० पासून १९८६ पर्यंत नॉर्थ वेस्ट फुटबॉल युनियन नावाची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग नांदत होती. पाऊणशे वर्षं दुखणं नाही की खुपणं नाही. अशी लीग बंद पाडणं म्हणजे कसबाचं काम.

आधी मालाची पाहणी करू. स्मिथटन, विनयार्ड, बर्नी, कुई, पेंग्विन, अल्व्हरस्टन, डेव्हनपोर्ट, ईस्ट डेव्हनपोर्ट आणि लाट्रोब, हे या लीगमधले क्लब. यातलं पेंग्विन हे खरोखरच गावाचं नाव आहे आणि तिथे समुद्रकाठी माणसाहून उंच सिमेंटचा पेंग्विन उभा आहे. कुई ही मुळात रानात हरवलेल्या माणसाला मारायची हाक. तेच नाव बर्नीला चिकटलेल्या एका उपनगराला मिळालं. म्हणजे बर्नी आणि कुई एकाच शहरात, दोघांचे क्लब मात्र वेगळे. बर्नीत कागदाची गिरणी होती. एकाच गिरणीत शेजारी काम करणारी दोन माणसं शनिवारी एकमेकांकडे ढुंकून बघत नसतील, असा माझा आपला अंदाज. लीगला लागणारं भांडण घरचंच होतं, बाहेरून आणावं लागत नव्हतं. इथेच सावध व्हा. ज्या लीगमध्ये लोक शेजाऱ्याला हरवायला येतात, ती सहजासहजी मरत नाही.

शिवाय इथल्या लोकांचं खेळावर प्रेम किती, हेही तपासून घ्या. त्यासाठी १९६७ सालचा राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना पुरेसा आहे. ठिकाण बर्नीचं वेस्ट पार्क, समुद्राला लागून. एका बाजूला किनाऱ्यावरचं विनयार्ड, दुसऱ्या बाजूला राज्याची राजधानी होबार्ट, तिथून आलेला नॉर्थ होबार्ट. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, बाजूला अठरा-अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण. मधल्या आणि कडेच्या खांबांमधून घसरला तर सांत्वनाचा एक, त्याला बिहाइंड म्हणतात. आणि भोंगा वाजण्याआधी किक मिळाली असेल, तर ती भोंग्यानंतरही मारता येते.

सामना संपत आला तेव्हा विनयार्ड एका गुणाने पुढे होतं. नॉर्थ होबार्टच्या डेव्हिड कॉलिन्सला अगदी गोलसमोर किक मिळाली आणि भोंगा वाजला. गोल झाला तर होबार्ट जिंकणार. नुसता बिहाइंड झाला तरी बरोबरी. विनयार्डच्या पाठीराख्यांनी गणित क्षणात केलं आणि त्याचं उत्तरही काढलं: खांबच नसतील तर गोल कुठला? जमाव मैदानात घुसला आणि गोलचे खांब उपटून टाकले. किक मारलीच गेली नाही. शेवटी त्या सामन्याचा निकाल लागला नाही आणि त्या वर्षीचं राज्य अजिंक्यपद कुणालाच मिळालं नाही.

याच किनाऱ्यावर लाट्रोबला १८९१ साली लाकूडतोडीची जगातली पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. कुऱ्हाडीत एवढी तयारी असलेल्या मुलखाने खांब हातांनीच उपटले. घाई म्हणतात ती ही.

आता नवशिके म्हणतील, लीग बंद पाडायची ही नामी युक्ती दिसते. अजिबात नाही. ही चूक तुम्ही करू नका. खांब उपटले म्हणून नॉर्थ वेस्ट फुटबॉल युनियन बंद पडली का? ती पुढे आणखी १९ वर्षं चालली. जमावाने खांब उपटले की लोकांना पन्नास वर्षं पुरेल अशी गोष्ट मिळते, खांब दुसऱ्या दिवशी पुन्हा रोवता येतात, आणि लीगचं आयुष्य वाढतं. खांब असे उपटायचे असतात की पुन्हा रोवायला जागाच उरू नये. त्यासाठी जमाव नको. त्यासाठी समिती लागते.

समिती नेमण्याआधी आणखी एक अडसर दूर करावा लागतो, तो म्हणजे घरचा हिरो. डॅरल बाल्डॉकचंच बघा. डेव्हनपोर्टमध्ये जन्मलेला, ईस्ट डेव्हनपोर्ट आणि लाट्रोबकडून खेळलेला मुलगा. १९६२ साली तो समुद्र ओलांडून मेलबर्नला सेंट किल्डा क्लबकडे गेला, कॅप्टन झाला, आणि १९६६ साली त्याच्या संघाने कॉलिंगवूडला ७४ विरुद्ध ७३ असं एका गुणाने हरवून क्लबच्या इतिहासातलं एकमेव विजेतेपद मिळवलं. इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मोठ्या शहरात नाव कमावलेल्या माणसाने तिथेच राहावं, वर्षातून एकदा गावच्या बक्षीस समारंभाला यावं, हार घालून घ्यावा आणि शाल सांभाळत परत जावं, हा जगाचा रिवाज आहे. हा गृहस्थ मात्र लाट्रोबला परत आला, कोच म्हणून खेळायला उतरला आणि १९६९ ते १९७२ अशी ओळीने चार वर्षं त्याने लाट्रोबला लीग जिंकून दिली. वर राज्याच्या विधानसभेत निवडूनही गेला. असे लोक असले की गावातल्या पोरांना वाटू लागतं, आपल्याला कुठे जायची गरज नाही. तुमच्या कामात याहून मोठी आडकाठी नाही. सुदैवाने असे फार निघत नाहीत.

आता मुख्य कृती. सभेत उभे राहून कधीही ‘ही लीग बंद करूया’ म्हणू नका. तुमच्यावर खुर्च्या पडतील. म्हणायचं ते असं: ‘दर्जा उंचावण्यासाठी राज्यव्यापी स्पर्धा.’ दर्जा हा शब्द महत्त्वाचा. दर्जाच्या विरोधात कोण बोलणार? टास्मानियात तेव्हा तीन मोठ्या लीग होत्या: दक्षिणेला होबार्टची, उत्तरेला लॉन्सेस्टनकडची आणि वायव्येला आपली. १९८६ साली लॉन्सेस्टनकडचे दोन संघ होबार्टच्या लीगमध्ये जाऊन बसले. १९८७ साली किनाऱ्यावरून डेव्हनपोर्ट आणि कुई गेले. घर पाडायला सुरुंग लागत नाही. दोन वासे काढून दिले तरी पुरतं.

त्यातही कुईने काय केलं पाहा. जाताना नावच बदललं: बर्नी हॉक्स. हाकेचं नाव टाकून ससाण्याचं घेतलं. हाक मारली तर कुणी परत येण्याचा धोका असतो.

राहिलेल्या क्लबांचं काय करायचं, हा प्रश्न आता सोपा होतो. उत्तर आणि वायव्येकडे जे उरले त्यांची १९८७ मध्ये नवी नॉर्दर्न टास्मानियन फुटबॉल लीग केली. कुणी म्हणालंच की आमची लीग गेली, तर सांगायचं: गेली कुठे, मोठी झाली. कोकणी माणूस एकत्र कुटुंबाच्या वाटण्यांबद्दल असंच काहीसं सांगतो, पण उलट्या दिशेने.

राज्यव्यापी दर्जाचा पुढचा हिशोब मात्र फार बारकाईने मागू नका. विनयार्ड ते बर्नी वीसेक किलोमीटर. जेवून निघालात तरी पहिल्या सत्राला पोहोचता. बर्नी ते होबार्ट सुमारे तीनशे. आदल्या रात्री गाडी दुधाने भरून उजाडायच्या आत पुन्हा गोठ्यात हजर राहणाऱ्या दूधवाल्या शेतकऱ्याला शनिवारी तीनशे किलोमीटर जाऊन हरायला सांगा आणि दर्जा मोजा. तीनशे किलोमीटरवरच्या संघाशी वैर धरायला घरच्यांचीही परवानगी लागते. राज्यव्यापी लीग २००० सालानंतर बंद पडली. मधल्या काळात बर्नी हॉक्स आणि बर्नीचा जुना क्लब, म्हणजे बर्नी टायगर्स, एक होऊन बर्नी डॉकर्स झाले. म्हणजे पक्षी गेला, वाघही गेला आणि बंदरावरचा हमाल उरला. एकाच शहरात दोन क्लब असण्याची चैन तेवढी संपली.

२००९ साली पुन्हा राज्यव्यापी लीग काढली. डेव्हनपोर्ट आणि बर्नी पुन्हा गेले. २०१८ चा हंगाम सुरू होण्याआधी दोघे पुन्हा बाहेर पडले. २०२४ नंतर तीही लीग संपली. या चिकाटीला दाद द्यायला हवी. एकदा फसलेला उपाय दुसऱ्यांदा करून पाहणारे पुष्कळ असतात, पण तेवढ्याच उत्साहाने करणारे विरळा.

दरम्यान किनाऱ्यावरच्या लोकांनी काय केलं? २०१५ मध्ये आपल्या लीगचं नाव बदलून नॉर्थ वेस्ट फुटबॉल लीग करून टाकलं. युनियनच्या जागी लीग, एवढाच फरक. जवळपास तीन दशकांच्या सुधारणेनंतर पाटी पुन्हा जवळजवळ जुनीच. आणि वर होबार्टमध्ये छत असलेल्या २३,००० आसनांच्या स्टेडियमवरून वाद झडतायत, कारण राष्ट्रीय स्पर्धेतला टास्मानियाचा पहिला संघ ते स्टेडियम बांधण्याच्या अटीवर २०२८ मध्ये उतरायचा आहे. तुम्ही सल्लागार म्हणून अर्ज करणार असाल तर तिकडे जागा आहे. दर्जा हा शब्द विसरू नका.

आणि कधी हिवाळ्यातल्या शनिवारी विनयार्डच्या मैदानावर गेलात, तर मीट पाय, म्हणजे मांस भरलेला भाजलेला पाव, घ्या आणि कुंपणापाशी कुठेही उभे राहा. फक्त विनयार्ड एका गुणाने पुढे असेल आणि भोंगा वाजायची वेळ झाली असेल, तर खांबांपासून थोडं लांब.