गाडगीळ तुमचं घर अडवायला आले नव्हते

आमचे मामा कोल्हापूरच्या भुदरगडातले. परवा त्यांनी एक मेसेज पुढं ढकलला आणि खाली लिहिलं, "वाच जरा, शिकलायस नव्हं?" मजकूर थोडक्यात असा: माधव गाडगीळ नावाचा हार्वर्डला शिकलेला, दिल्लीत एसीत बसणारा सरकारी शास्त्रज्ञ, त्याच्या वरून लादलेल्या पश्चिम घाट अहवालामुळं घाटाकडच्या तालुक्यांत घर बांधता येणार नाही, शेतं वनखात्याच्या घशात जाणार, आणि आत्ताची इको-सेन्सिटिव्हची, म्हणजे घाटातला नाजूक भाग राखायची अधिसूचनाही त्याचीच.

हार्वर्ड तेवढं खरं. पण हे पर्यावरणशास्त्रज्ञ 1971 साली परत आले, आणि नंतरची नोकरी दिल्लीत नव्हे, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, 1973 ते 2004. पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेवर होते ते 1986 ते 90. म्हणजे सल्लागार खरे, पण सरकारी बाबू नव्हेत. आणि सल्ला कसला द्यायचे, ते बांबूच्या प्रकरणात बघा.

सत्तरच्या दशकात कर्नाटकातल्या बुरुडांनी ओरड केली, की कागद कारखाने बांबू संपवायला लागलेत, आम्ही सुपं-टोपल्या विणायच्या कशाच्या? सरकारनं गाडगीळांना बघायला सांगितलं. ते रानात गेले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. बेट मोकळं झालं की जोमानं वाढेल, या समजुतीनं ते काटे साफ केले जात होते. गावकऱ्यांनी सांगितलं, साहेब, त्या काट्यांमुळंच तर कोवळे कोंब वाचतात. काटे काढले की गुरं आणि वानरं ते खाऊन टाकतात. गाडगीळांनी पाहणी केली, गावकऱ्यांचंच खरं निघालं. कारखान्यांना बांबू नाममात्र दरानं मिळत होता, हेही त्यांनी मांडलं. त्याच दशकात डॉ. वा. द. वर्तकांबरोबर ते सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडत होते. एसी कुठं बसवायचा तिथं?

आता घराचं. 2010 साली केंद्रानं त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट समिती नेमली. तिनं घाट कमी-जास्त नाजूकपणानुसार तीन पट्ट्यांत वाटला. तिच्या अहवालात शेतजमीन बिगरशेती करायला मनाई आहे, हे खरं. पण गावातली माणसं वाढली की गावठाण वाढवायला मुभा त्याच वाक्याला जोडून दिली आहे. मेसेजवाल्यानं अर्धं वाक्य खाल्लं. मनाई आहे ती नव्या हिल स्टेशनला, सेझला (उद्योगांसाठीच्या विशेष आर्थिक क्षेत्राला), आणि सर्वांत नाजूक दोन पट्ट्यांत नव्या खाणींना. बॉक्साइट कुठं निघतं हे राधानगरी-शाहूवाडीकडच्यांना मी काय सांगायचं! कोणाच्या पोटात दुखलं असेल, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

वनखात्याचं तर साफ उलटं आहे. हा माणूस आयुष्यभर वनखात्याशी भांडला. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता, आणि गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांची, म्हणजे आपल्या झाडाप्राण्यांची नोंद गावानंच ठेवायची, ही कल्पना त्यांचीच. पट्ट्यांच्या हद्दी शेवटी ग्रामसभांनी ठरवाव्यात, असं अहवालच म्हणतो. घाटाखाली सिंधुदुर्गातल्या 25 गावांनी तर आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठरावच दिले होते.

आणि अहवाल लादला म्हणे! 31 ऑगस्ट 2011 ला दिलेला अहवाल सरकारनंच दाबून ठेवला. माहिती अधिकार आणि कोर्ट झाल्यावर मे 2012 मध्ये तो बाहेर आला. मग अवकाश शास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती नेमली. तिनं उपग्रहाची चित्रं बघून घाटाचा साधारण 37 टक्के भाग संवेदनशील ठरवला, त्यावर मसुद्यामागून मसुदे निघाले. जुलै 2024 चा सहावा मसुदाही त्याच अहवालावर बेतलेला. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही, या कस्तुरीरंगन अहवालातल्या मुद्द्यावर गाडगीळांनी 2013 सालीच जाहीर पत्र लिहून तोफ डागली होती. मामा, तुम्ही ज्याला शिव्या घालताय तो तुमच्याच बाजूनं भांडत होता!

मामांचा राग मात्र सगळाच खोटा नाही. गाडगीळ समितीनं आधी साधारण 9 किलोमीटरचे चौकोन आखले, पण पट्टा लावताना एकक धरला तालुका. शाहूवाडीत विशाळगडाचं जंगल आणि खालचा ऊस एकाच रंगात, हे कुणालाही खटकणारच. शिवाय जाडजूड इंग्रजी अहवाल. तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढं जायला हवा होता. आमच्या गावात तो कुणी बघितलेला नाही.

हे सगळं मी मामांना लिहून पाठवलं. रात्री फोन आला. "ते ऱ्हाऊ दे. उसावरच्या औषधाचं काय लिवलंय?"

लिहिलंय. रासायनिक कीटकनाशकं पट्ट्यानुसार 5, 8 आणि 10 वर्षांत बंद करायची, आणि सेंद्रियकडं वळणाऱ्याला मदत द्यायची.

"मदत कोण देनार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.