लाकूडफोडणी यंत्राच्या इंजिनाविषयी आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आपण अभिप्रायात यंत्राला दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर आम्ही वाचला. आपल्या तक्रारी तीन आहेत. साडेपाच एचपीचे इंजिन कामाला अपुरे पडते आणि आम्ही नऊ एचपीचे द्यायला हवे होते, ही पहिली. पावसाळ्यानंतर इंजिन सुरू होईना आणि झाले तरी रेस खालीवर होत बंद पडे, ही दुसरी. आणि वॉरंटी असूनही कार्बोरेटर साफ करण्याचे पैसे आम्ही घेतले, ही तिसरी. कुडाळ-सावंतवाडी भागात काजू कारखान्यांना आणि खानावळींना सरपण पुरवणारे अनेक जण असे यंत्र घेण्याच्या विचारात असतात आणि घेण्यापूर्वी ते आपला अभिप्राय वाचतील, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

पाचर ओंडक्यावर दाबण्याचा जोर इंजिनाच्या एचपीवर ठरत नाही. तो सिलिंडरचा व्यास आणि हायड्रॉलिक तेलाचा दाब यांवर ठरतो. आपल्या यंत्राचा सिलिंडर १०० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, आहे, म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह दर चौरस सेंटिमीटरला १७५ किलो दाबावर लावलेला आहे. गुणाकार केला की पावणेचौदा टन जोर येतो. याच सिलिंडरला आणि याच पंपाला उद्या नऊ एचपीचे इंजिन जोडले, तरी जोर पावणेचौदा टनच राहील, कारण १७५ किलो दाब झाला की व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल टाकीत परत जाते.

मग इंजिनाचे काम काय, तर पंप पुरेशा वेगाने फिरवत ठेवणे. आपला पंप दोन टप्प्यांचा आहे. पाचर मोकळी सरकत असते तेव्हा तो मिनिटाला साधारण चाळीस लिटर तेल देतो; लाकडाला टेकून दाब ४५ किलोच्या आसपास गेला की तो आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातो आणि प्रवाह अकरा लिटरवर येतो. अकरा लिटर प्रवाह आणि १७५ किलो दाब यांना सव्वातीन किलोवॉटच्या आत-बाहेर शक्ती लागते, आणि पंपातली गळती व घर्षण धरले तर पावणेचारच्या पुढे. १९६ सीसीचे हे इंजिन ३६०० फेऱ्यांना ४.१ किलोवॉट देते. राखीव शक्ती फार नाही हे मी मान्यच करतो, पण सकाळच्या दोन-तीन तासांच्या ज्या कामासाठी आपण यंत्र घेतलेत, त्याला ती पुरते. शेजाऱ्यांचे यंत्र झपाझप चालते असे आपण लिहिले आहे, ते खरेच असेल. वेग पंपाच्या प्रवाहावर असतो. मिनिटाला साठ लिटरचा पंप घेतला तर २७० सीसीचे इंजिन लागतेच, पण त्याचा शाफ्ट आपल्या १९ मिलिमीटरच्या ऐवजी २५.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे कपलिंग आणि पंपाची बैठक दोन्ही बदलावी लागतात आणि पेट्रोलही जास्त जाते. दिवसभर लाकूड फोडणाऱ्याला आम्ही स्वतःहून तेच सुचवतो.

आकेशियाच्या गाठीवर यंत्र अडते, असे आपण म्हणता. अडते त्या क्षणी कान इंजिनाकडे द्यावा. इंजिनाचा आवाज तसाच राहून नुसती पाचर थांबत असेल आणि पंपाकडून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आहे आणि यात इंजिनाचा संबंध नाही. अशा वेळी लिव्हर धरून ठेवल्याने तेल तापते, बाकी काही होत नाही, म्हणून पाचर मागे घेऊन ओंडका फिरवावा आणि गाठ टाळून कडेकडेने फोडावा. आवाज दबून इंजिन गुरगुरत बंद होत असेल, तर मात्र हवा, पेट्रोल किंवा प्लग पाहावा. आपल्या कामगाराने दुकानात यंत्र आणले तेव्हा हवेच्या फिल्टरचा स्पंज जांभ्याच्या धुळीने आणि सालीच्या भुशाने विटेसारखा लाल झालेला होता. हा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून पिळायचा असतो, आणि हे निदान दर पन्नास तासांनी करायचे असते.

आता दुसरी तक्रार, आणि खरे दुखणे इथे आहे. यंत्र जूनपासून मागीलदारी पडवीत प्लास्टिकने घट्ट गुंडाळून, टाकीत अर्धे पेट्रोल ठेवून उभे होते, असे आपल्याच माणसाने सांगितले. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषते. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि कार्बोरेटरला पुरवठा तळातूनच होतो. आपल्यासमोर कार्बोरेटरची फ्लोटची वाटी, म्हणजे पेट्रोल साठते ती, उघडली तेव्हा तळाला चिकट पिवळसर थर होता, त्यावर पांढरी पूड होती, आणि ज्यातून पेट्रोल इंजिनाकडे जाते त्या मुख्य जेटचे बारीक भोक उजेडाकडे धरूनही दिसत नव्हते. जेट असा अर्धवट बुजला की इंजिनाला पेट्रोल कमी मिळते, वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटलची झडप उघडतो, रेस चढते, पुन्हा पडते. आपण लिहिलेली खालीवर होणारी रेस हीच. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीचे मातीचे घरटेही होते. ते आमच्या मेस्त्रीने काढले, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

बिलाविषयी स्पष्ट लिहितो. वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते. पिस्टन, व्हॉल्व्ह, इग्निशन कॉइल यांत काही निघाले असते तर सुटा भाग आणि मजुरी दोन्ही आमच्याकडे. उभ्या यंत्रात साचलेल्या पेट्रोलचा थर हा बनावटीचा दोष नाही, आणि यंत्रासोबत दिलेल्या मराठी पत्रकात पावसाळ्यापूर्वीची तयारी लिहिलेली आहे. यंत्र बनवणारा कारखाना या दाव्याचे पैसे आम्हाला देणार नाही, म्हणून आम्हीही ते देऊ शकत नाही.

उताराच्या बागेत इंजिन मधूनच बंद पडते, याचा उल्लेख आपण ओझरता केला आहे. या इंजिनात ऑइल पंप नसतो, कनेक्टिंग रॉडचा दांडा ऑइल उडवून वंगण करतो, आणि पातळी कमी झाली की सेन्सर ठिणगी बंद करतो. वीस अंशांहून अधिक कलले की ऑइल पुरेसे असूनही तो तसे करू शकतो. यंत्र सपाट जागी लावून ऑइलची पातळी पाहावी. पहिले ऑइल वीस तासांनी आणि पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलावे.

येत्या मे अखेरीस टाकी पूर्ण रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद ठेवून इंजिन स्वतःहून थांबेपर्यंत चालवावे आणि वाटीचा स्क्रू सोडून उरलेले पेट्रोल काढावे. टाकी भरून ठेवावी असेही काही जण सांगतात. आमच्या हवेत आणि आताच्या पेट्रोलला ते मला पटत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, प्लग परत बसवावा, आणि दोरी हळू ओढत हाताला जड लागेल तिथे थांबावे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहून आत ओल शिरत नाही. वर प्लास्टिक नको; सुती कापड आणि वारा लागेल अशी जागा पुरे.

हे काम आपल्या माणसाच्या हातून आम्ही दुकानात एकदा करवून घेऊ, त्याची मजुरी लागणार नाही. येताना टाकीतले पेट्रोल तसेच असू द्यावे. काचेच्या बाटलीत काढून त्यात थर पडला आहे का, ते आपल्यासमोर पाहू.

— दुकानमालक, कुडाळ